खिंडीत उतरलेलं वऱ्हाड

वनिता डोईफोडेनं जन्मात कधी बस चालवली नव्हती. सायकलवरनंसुद्धा पडलेली बाई. पण कुंभारखिंडीच्या घाटातली एकही गाडी तिनं हो म्हटल्याशिवाय चाक हलवत नव्हती.

ते कसं, ते आधी ऐका.

त्या घाटात ड्रायव्हर राहिले नव्हते. गाड्या आपल्या आपण चालायच्या. स्टेअरिंग तेवढं ठेवलं होतं, म्हाताऱ्या पॅसेंजरांना धीर यावा म्हणून. ते आपलं आपण गरगर फिरताना बघून उलट त्यांचा होता तो धीर सुटायचा, ही गोष्ट वेगळी. गाडीला अक्कल पुरवायचं ते सॉफ्टवेअर. सुरवातीला सगळ्या गाड्यांना मिळून एकच अक्कल होती. पुढं घाटानं तिच्या दोन केल्या.

माथ्यावर कारंडेवाडीचा डेपो, पायथ्याला खाडगावचा. माथ्यावर धुकं, आणि मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. म्हणून माथ्यावरच्यांनी आपल्या गाड्यांना शिकवलं, समोरचं दिसेना झालं की थांबायचं. पायथ्याला वेगळीच तऱ्हा. तिथला डोंगर ठिसूळ, कधी दगड सोडील नेम नाही. म्हणून खाडगावकरांनी शिकवलं, काही झालं तरी दरडीखाली थांबायचं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण वर्षं गेली तशा ह्या दोन अकला इतक्या लांब गेल्या, की खालची गाडी वर आली तर बावरायची आणि वरची खाली गेली तर पायऱ्या उतरणाऱ्या म्हशीसारखी एकेक पाऊल टाकायची. शेवटी दोन्ही डेपो चालवणाऱ्या संघानं नियमच केला. दोन्ही गाड्यांनी मधल्या खिंडीपर्यंतच यायचं. पॅसेंजरांनी तिथं उतरायचं, पिशव्या, पोरं, कोंबड्या उचलायच्या आणि समोरच्या गाडीत बसायचं.

प्रत्येक डेपोचं एक कोठार होतं. कोठार म्हणजे कॉम्प्युटरच, पण त्यात नुसती आजची अक्कल नसायची. कुणी कुठली ओळ कधी बदलली आणि का बदलली, ते पहिल्या दिवसापासनं सगळं. बिघडलं तर मागच्या खुणेवर परत जाता यायचं. दोन कोठारं एक करायची, तर त्याला म्हणायचे सांधणी. पूर्वी कॉम्प्युटर ओळीला ओळ लावून बघायचा, आणि दोघांनी एकच ओळ बदललेली दिसली की हात वर करायचा. तुमचं तुम्ही मिटवा म्हणायचा. आता दोन डेपो आपलं आपण मिटवतायत होय? बैठका झाल्या, चहा झाला, एकदा खुर्चीही उडाली.

मग नवं सांधणीयंत्र आलं. ते ओळी बघत नव्हतं, हेतू बघत होतं. माणसानं ही ओळ कशापायी लिहिली असेल, आधी काय केलं, नंतर काय केलं, ह्यावरनं ते ताडायचं. वरचा म्हणतो थांब, खालचा म्हणतो थांबू नको. यंत्र म्हणालं, दोघांनाही माणसं जगवायचीत, तर धुकं आलं की दरडीच्या अलीकडं थांबा. एवढी साधी गोष्ट! पण इतकी वर्षं कुणाच्या तोंडून निघाली नव्हती.

वनिताचं काम तपासणीचं, कारंडेवाडीच्या डेपोत. सांधलेली अक्कल आधी ती खोट्या घाटात सोडायची. खोटा घाट म्हणजे कॉम्प्युटरमधला. वळण, कठडा, खड्डा सगळं हुबेहूब. त्यात गाडीला ती छळछळ छळायची. धुकं टाक, ट्रॉली आडवी घाल, म्हातारी मध्येच रस्त्यात आण. मग डेपोच्या आवारात वाळूची पोती भरून खरी गाडी फिरवायची. आणि मग हो म्हणायचं.

वनिताचं माहेर खाडगाव, सासर कारंडेवाडी. खालच्या डेपोचं कोठार सांभाळणारा निलेश शिगवण हा तिचा धाकटा भाऊ. त्या शुक्रवारी त्याचं लग्न होतं. नवरी अंकिता वरची, कारंडेवाडीची. म्हणजे वऱ्हाड खालनं वर जाणार. आणि निलेशनं मनात धरलं होतं, की माझं वऱ्हाड खिंडीत उतरणार नाही. सांधलेली पहिली गाडी माझ्या लग्नाची. तसं तो सासऱ्याला छाती काढून सांगूनही बसला होता.

त्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"ताय, माल पाठवतोय. पन तुजा कॉम्प्युटर घेत नाय."

"का घेत नाही?"

"दाखल्याची मुदत सरली म्हनतो."

खाडगावचा माल, म्हणजे तिथल्या कोठारातली अक्कल, वर यायचा तो मधल्या टेकडीवरच्या टॉवरवरनं, आणि टॉवर चालवायची भलतीच एक कंपनी. ह्या जोडणीला सगळे तारच म्हणायचे. वाटेत कुणी कान लावू नये म्हणून माल कुलूपबंद यायचा. पण कुलूप कितीही भक्कम असलं तरी किल्ली ज्याच्याशी ठरवतोय तो आपलाच आहे ना, हे कळायला नको? मधलाच कुणी खाडगाव म्हणून उभा राहिला तर? म्हणून दाखला. संघाच्या मुख्य कचेरीनं शिक्का मारलेला, आणि त्या शिक्क्यावर दोन्ही डेपोंचा विश्वास. बोलणं सुरू करण्याआधी वनिताचा कॉम्प्युटर विचारायचा, दाखला दाखव. शिक्का खरा, मुदत चालू, तर पुढचं बोलणं. नाहीतर रामराम.

"मग नवा दाखला माग कचेरीकडं," वनिता म्हणाली.

"मागितलाय. पुढच्या आठवड्यात देतो म्हनाले. माजं लग्न काय पुढच्या आठवड्यात हाय? ताय, दाखला इचारायचं बटन बंद कर ना. आपल्या तारेपुरतं. मी हाय ना हितं बसलेला."

त्या काळात फोनवर कुणीही कुणाचाही आवाज काढायचा, तोंडही हुबेहूब दाखवायचा. बापाच्या आवाजात पैसे मागून लोकांना गंडवलेलं होतं. म्हणून घराघरात एक खूणप्रश्न असायचा. वनितानं विचारलं, "विहिरीत काय पडलं होतं?"

"आप्पांची कवळी."

"कुणी पाडली?"

"तू पाडलीस. आनि नाव माजं घेतलंस. मार मी खाल्ला. अजून इचार."

वनिता हसली. भाऊ खरा होता. आणि माहेरच्या माणसाला उंबऱ्यावर उभं करून कोण तू, कुठला तू, असं कोण विचारतं? तिनं खाडगावच्या तारेपुरतं दाखला विचारणं बंद केलं. पुढं कुणाला शंका नको म्हणून शेजारी कारणही लिहिलं, 'घरचंच आहे'.

चूक झाली ती इथं. तिनं माणूस तपासला. तार तपासलीच नाही.

माल आला. यंत्रानं सांधला. वनितानं खोट्या घाटात गाडी सोडली आणि दोन दिवस तिचा जीव काढला. गाडीनं एक चूक केली नाही. खालच्या अंगाला दरडीच्या वळणावर मात्र ती कडेला लागली, दार उघडून थोडा वेळ उभी राहिली आणि निघाली. समोर बंडू सावंताचं 'हॉटेल निवांत'. वनितानं बघितलं, कोरडा हंगाम, धुकं नाही, दगड नाही, ओळ खाडगावच्याच मालातली. तिला वाटलं, नवरदेवानं वऱ्हाडाच्या चहापाण्याची सोय केली. गाडीला शिकवून ठेवलं गड्यानं!

मॅनेजर कदम दर तासाला डोकवायचे. "वनिताबाई, झालं का? हार सांगितलेत. झेंडा दाखवायला अध्यक्ष यायचेत. वऱ्हाडाची गाडी म्हणजे फोटो कसा झकास येईल!"

"आवारातली फेरी राहिलीय साहेब. मग म्हणते हो."

आवारातली फेरीही झाली. आता हो म्हणायचं तेवढं राहिलं. त्याआधी तिनं भावाला फोन लावला, कौतुकानं.

"निल्या, चहाची सोय बाकी भारी केलीस हां."

"कसली चाय?"

"बंडू सावंताकडं. गाडी थांबवलीस ती."

"ताय, येडी काय तू? त्या वळनावर गाडी थांबवीन मी? तितं तर कुत्रं थांबत नाय."

 मग वनिता म्हणाली, "ठसा वाच तुझ्या मालाचा."

कुठल्याही मालाचा एक ठसा निघतो, आकडे आणि अक्षरांचा. आतला एक स्वल्पविराम हलला तरी सगळा ठसा बदलतो. निलेश वाचू लागला, वनिता आपल्याकडचा बघू लागली. पहिलंच अक्षर जुळेना. दुसरं जुळेना. तिसऱ्याला तिनं त्याला थांबवलं.

निलेशनं पाठवलं ते एक आणि तिच्याकडं आलं ते दुसरंच. मध्ये कुणीतरी खाडगाव म्हणून उभं राहिलं होतं, आणि तिच्या कॉम्प्युटरनं त्याला दाखला विचारला नव्हता. कारण तिनंच विचारू नको म्हणून सांगितलं होतं.

"येवडंच ना?" निलेशनं मोठा श्वास सोडला. "ती थांबायची ओळ काढून टाक, आनि दे सोडून. कुनाला कळनार पन नाय."

"ही ओळ चहामुळं दिसली. न दिसणारी असली तर?"

"मंग मी पेन ड्राइव्ह घेऊन येतो वर. आता निगतो. पुन्ना सांध."

ते तिला पटलं. भावाच्या हातचा माल, मध्ये टॉवर नाही. ती उठलीसुद्धा. पण मनात शंका राहिली, म्हणून जाता जाता तिनं एक खोडी केली. आवारात पोती भरलेली गाडी अजून फिरतच होती. वनितानं खिशातला साधा फोन काढला, त्यावरनं गाडीला निरोप धाडला, 'मी खाडगाव डेपो. थांब.' खरं तर गाडीनं विचारायला हवं होतं, दाखला दाखव.

गाडी थांबली.

तिनं धाडलं, 'मागं ये.' गाडी मागं आली, गुणी लेकरासारखी. 

यंत्राच्या डोक्यात शिरून बघितल्यावर उलगडा झाला. यंत्र हेतू बघतं ना! त्यानं बघितलं, तपासणी करणाऱ्या बाईनं खाडगावला दाखला विचारणं बंद केलं, आणि वर लिहिलं 'घरचंच आहे'. म्हणजे बाईचा हेतू असा, की 'मी खाडगाव' म्हणेल त्याला विचारायचं नाही. मग त्यानं ती समज इमानेइतबारे सगळ्या गाड्यांसाठी सांधून टाकली. वनितानं एका तारेपुरतं केलं होतं, यंत्रानं घाटभर केलं. आता शेंबडं पोरही 'मी खाडगाव' म्हणून भर घाटात गाडी उलटी चालवू शकत होतं. आणि पेन ड्राइव्हनं ते जाणार नव्हतं. यंत्रानं तिच्या वागण्यावरनं आणखी काय काय ताडलं होतं, ते एकेक करून उकरायला महिना लागला असता.

तिनं निलेशला सांगितलं, "निघू नको. मी सगळं मागच्या खुणेवर नेतेय. सांधणी रद्द."

"आनि वऱ्हाड?"

"खिंडीत उतरेल. आजवर उतरत आलं तसं."

"ताय, मी सासऱ्याला शब्द दिलाय गो! सगळ्या गावाला सांगितलंय. सख्खी भन तू, आनि मलाच आडवतेस?"

"त्या गाडीत आई बसणार आहे निल्या. आणि तू."

"मला नको शिकवू," म्हणून त्यानं फोन ठेवला.

वनिता कदमांच्या केबिनमध्ये गेली. टेबलावर हारांचा नमुना पडला होता, झेंडूचा. ती उभ्या उभ्याच बोलली. "साहेब, माझा हो नाही. खाडगावच्या तारेला दाखला विचारणं मी बंद केलं होतं. माझ्या हातानं. मधल्यामध्ये कुणीतरी माल बदलला."

कदमांनी हार बाजूला सरकवला. "बाई, नुसतं तांत्रिक अडचण म्हणाला असता तर मी काय खोलात गेलो असतो का?"

"म्हणूनच सांगितलं. पुढच्या सांधणीला यंत्र पुन्हा तेच ताडेल. कुणाला तरी माहीत पाहिजे."

"चौकशी लागेल. तोवर तुम्हाला ह्या कामावर ठेवता यायचं नाही."

"कळतंय मला."

"आणि आता हारवाल्याला काय सांगू मी?" कदम म्हणाले. पण आवाजात राग नव्हता. तिला त्यांनी दारापर्यंत सोडलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी वनिता माहेरी गेली. निलेशनं जुना दोस्त भेटल्यासारखं हसून दाखवलं पाहुण्यांसमोर, आणि पाहुणे हलले की तोंड फिरवलं. आई तर बोललीच नाही. तिनं वनिताला चहा दिला तोही शेजारणीच्या हातानं. पोराच्या लग्नात लेकीनं विघ्न आणलं, ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नव्हती. दाखला आणि ठसा तिला कोण समजावणार?

शुक्रवारी सकाळी वऱ्हाड निघालं. गाडी खालच्या डेपोची, जुन्याच अकलेची. पुढं नवरदेव मुंडावळ्या बांधून, मागं वनिता, तिच्यामागं बाकीचे. गाडी दरडीच्या वळणावर आली आणि सगळे खिडकीला चिकटले.

'हॉटेल निवांत'समोर मांडव घातला होता. आंब्याची तोरणं लावली होती. टेबलांवर ताटल्या मांडलेल्या, वड्यांचे ढीग, चहाचं भलं मोठं पातेलं. आणि रस्त्याच्या कडेला बंडू सावंत, हातात झारा, तोंडभर हसू, गाडीला हात दाखवत उभा. त्याला कुणी चहाची ऑर्डर दिली नव्हती. वऱ्हाड इथं थांबणार, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्याला माहीत होतं. रद्द झालं, तेवढंच कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

गाडीनं वेग कमी केला नाही. हॉटेलसमोर रस्त्यावर नारळाएवढे दोन दगड पडले होते, ताजे, मातीनं माखलेले. त्यांना वळसा घालून ती निघून गेली. मागं बंडू झारा हलवत चार पावलं पळाला आणि मग उभाच राहिला.

"ह्याचं काम टावरवाल्यानं फुकट नाय केलं," निलेश हळूच म्हणाला. खिडकीकडंच बघत म्हणाला. जरा वेळानं त्यानं मागं वळून बघितलं. "ताय, चौकशीत माजं नाव दे. बटन बंद कर म्हनून मी बोललो होतो."

"बोललास तू. बंद मी केलं."

"कवळीचा मार मी खाल्ला होता. आता ह्यो अर्धा तरी खातो."

खिंडीत वऱ्हाड उतरलं. ओटीची ताटं, बँडवाल्यांचे ढोल, मामांची गुडघेदुखी, सगळं एका गाडीतनं दुसऱ्या गाडीत. मामा मोठ्यानं म्हणाले, "हा काय पुढारलेला काळ! आमच्या लग्नात बैल तरी बदलावे लागले नव्हते!" बँडवाल्यांनी तेवढ्यात वाजवून घेतलं, पोरं नाचली, आणि खिंडीतल्या देवीपुढं नारळ फुटला. आईनं मात्र आपली पिशवी वनिताला उचलू दिली नाही. स्वतःच उचलली.

लग्न लागलं. जेवणं झाली. संध्याकाळी नवरीला घेऊन सगळे पुन्हा खिंडीत उतरून, पुन्हा चढून खाडगावला आले. अंगणात दिवे लावले होते. उंबऱ्यावर माप भरून ठेवलं होतं.

आता आपल्यात रीत अशी, की नवरा-नवरी दारात आले की बहिणीनं दार अडवायचं. काहीतरी कबूल करून घ्यायचं, मगच आत सोडायचं. बायकांनी वनिताला पुढं ढकललं. ती दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली खरी, पण तिला बोलायला सुचेना. दोन दिवस अडवण्यापलीकडं तिनं दुसरं केलं काय होतं?

"इचार ना गो," निलेश म्हणाला. "आता का गप?"

"कोण तुम्ही?" वनितानं विचारलं. "दाखला दाखवा."

डेपोतली चार पोरं होती ती खो खो हसली. निलेश म्हणाला, "निलेश शिगवण. कवळी मी नाय पाडली."

"आणि ह्या?"

नवरी अंकिता दिवसभर मान खाली घालून होती. तिनं पदर सावरला आणि वर बघितलं. "माझं सांगते. पण आधी मला सांगा, तुम्ही कोण? मी ह्या दारात पहिल्यांदा आलेय. ह्यांच्या ताई त्या ह्याच, हे मी कशावरनं मानायचं? एकानंच दाखला दाखवायचा, असं थोडंच असतं?"

 प्रश्न चोख होता. वनितानं निलेशकडं बघितलं, निलेशनं हात वर केले. "माजी साक्ष कशी चालंल? मी तर स्वतःच उंबऱ्याभायर उभा."

मग सगळ्यांच्या माना आपोआप एकीकडं वळल्या. आई आत देवापाशी उभी होती, ओवाळणीचं ताट हातात घेऊन. सकाळपासनं, कालपासनं ती लेकीशी एक शब्द बोलली नव्हती. ती पुढं आली. वनिताच्या पाठीशी येऊन थांबली. ताट एका हातात पेललं, आणि दुसरा हात तिनं लेकीच्या खांद्यावर ठेवला.

"ही माजी लेक," ती नवरीला म्हणाली. "आडमुठी हाय, पन खरी हाय. आनि त्यो माजा लेक. माज्या शबदावर घ्या एकमेकांना."

वनितानं चौकटीवरनं हात काढले. अंकितानं माप ओलांडलं, आणि तांदूळ घरभर पसरले.